400 जीबी खाल्ले कोणी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नॅसच्या (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवणारा डिस्कचा डबा) बॅकअपवरच्या माझ्या लेखाला आलेली एक प्रतिक्रिया थोडक्यात अशी: "उगाच घाबरवता लोकांना. माझ्या नॅसमध्ये दोन डिस्क मिररमध्ये आहेत, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं, दर तासाला स्नॅपशॉट पडतो. आणखी वेगळा बॅकअप कशाला? आणि स्नॅपशॉटला जागा लागत नाही, हे तुमचं वाक्य साफ खोटं. मी 400 जीबीचे जुने व्हिडिओ उडवले, एक जीबीसुद्धा मोकळी झाली नाही. एकेक स्नॅपशॉट तपासला तर प्रत्येकापुढे जेमतेम काही एमबी. मग 400 जीबी खाल्ले कोणी?"

आधी माझी चूक कबूल करतो. ते वाक्य मी घाईत लिहिलं. स्नॅपशॉट *घेताना* जागा लागत नाही, असं हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचे 400 जीबी. डिस्कवर फाइली कशा मांडायच्या हे फाइल सिस्टीम ठरवते. तुमच्या नॅसवर ती झेडएफएस असो की बीटीआरएफएस, दोघांची रीत एकच. साधी फाइल सिस्टीम पाटीसारखी असते, पुसायचं आणि त्याच जागी लिहायचं. या दोघांचं काम वहीसारखं. फाइल बदलली की नवा मजकूर कोऱ्या पानावर जातो, मग अनुक्रमणिका नव्या पानाकडे बोट दाखवते आणि जुनं पान परत वापरायला मोकळं होतं. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची अनुक्रमणिका जपून ठेवणं, एवढंच. ती पानांची नक्कल करत नाही. फक्त बजावते, की माझ्या यादीतल्या पानांना हात लावायचा नाही. म्हणून तर दोन टीबीचा स्नॅपशॉट क्षणात पडतो.

तुम्ही व्हिडिओ उडवले, म्हणजे आजच्या अनुक्रमणिकेतून त्यांची नावं गेली. कालच्या, परवाच्या, गेल्या महिन्याच्या अनुक्रमणिकांत ती आहेतच. पानं सुटणार कशी?

एकेका स्नॅपशॉटपुढे काही एमबी दिसतात, त्याचं कारण असं की झेडएफएसमध्ये तो आकडा फक्त त्याच्या एकट्याच्या पानांचा असतो. जी पानं दोन स्नॅपशॉटनी मिळून धरलेली असतात, ती कोणाच्याच नावावर लागत नाहीत. तुमचे व्हिडिओ शंभर जणांनी मिळून धरलेत, म्हणून शंभर जणांच्या खात्यावर शून्य. सामायिक जमिनीसारखं आहे हे, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय सुटत नाही. एकूण धरलेली जागा बघायची तर 'यूज्ड बाय स्नॅपशॉट्स' हा गुणधर्म बघा, 400 जीबी तिथे सापडतील.

हे नीट डोक्यात बसलं, की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच तक्रारीत मिळतं. स्नॅपशॉट ही वेगळी प्रत असती, तर ती घेतानाच तेवढी जागा गेली असती. ती जात नाही, कारण चालू फाइल आणि स्नॅपशॉट एकाच डिस्कवरची तीच पानं वापरतात. वही भिजली की आजचंही गेलं आणि गेल्या महिन्याचंही.

मिररचं म्हणाल, तर एक डिस्क मेली तर तो वाचवतो. पण दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच अडॅप्टरवर. आमच्या मुलुंडच्या इमारतीत एका मे महिन्यात मीटर रूममधली न्यूट्रल सुटली. घरातले दिवे आधी एकदम पांढरेफटक झाले, मग फ्रिजमधून वास आला. 230 व्होल्टच्या जागी किती आले कोण जाणे, पण टीव्ही, राउटर आणि नॅस एका झटक्यात गेले. दोन्ही डिस्क मेल्या. तीस दिवसांचे स्नॅपशॉट अगदी शिस्तीत पडलेले होते, तेही त्यांच्यासोबत.

वाचलो ते बोरिवलीच्या ताईमुळे. तिच्या कपाटात साड्यांखाली माझी एक डिस्क असते. दर महिन्याला घेऊन येतो, भरतो, परत नेऊन ठेवतो. टॉवेलात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात घालायची आणि दादरला गाडी बदलायची. लोक हसतात. पण 50 एमबीपीएसच्या अपलोडवर दोन टीबी चढवायला जवळजवळ चार दिवस लागतात, लोकलने दोन तासांत पोहोचतात! तेव्हा तिच्याकडची प्रत 19 दिवस जुनी होती. मधल्या काळात भाचीचं बारसं झालं होतं. ते फोटो आता व्हॉट्सॲपवरून गोळा केलेले, पुसट.

तेव्हापासून ताईकडे एक जुना नॅसही ठेवलाय. पहिली भरणी डब्यातूनच नेली. आता रोज रात्री झेडएफएस दोन स्नॅपशॉटमधला फरक तेवढा तिकडे पाठवतं, बहुतेक दिवशी काही शे एमबी. म्हणजे स्नॅपशॉटवर माझा राग नाही, बॅकअप त्याच्याच खांद्यावर उभा आहे. फाइल चुकून उडाली, कोणी व्हायरसने कुलूपबंद केली, तर मीही आधी स्नॅपशॉटच उघडतो. (नॅसचा ॲडमिन पासवर्ड चोराच्या हाती लागला तर मात्र तो स्नॅपशॉटही उडवू शकतो.)

जागा सोडवायची तर एकेक स्नॅपशॉट उडवत बसू नका. झेडएफएस असेल तर डिस्ट्रॉय कमांडला पहिल्यापासून शेवटच्या स्नॅपशॉटपर्यंतचा पल्ला द्या आणि सोबत 'एन' व 'व्ही' हे पर्याय लावा. काहीही न उडवता किती जागा सुटेल ते सांगतं. आकडा 400 च्या आसपास आला, की 'एन' काढून तीच कमांड पुन्हा द्या. पण त्याआधी ते व्हिडिओ खरंच नको आहेत ना, हे घरात एकदा विचारा. आत्ता ते फक्त त्या स्नॅपशॉटमध्येच उरले आहेत.