रात्रीची गाडी आणि दिवसाची झोप

कराडच्या कोल्हापूर नाक्यापासून थोडे आत, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर आमचा कट्टा भरतो. महामार्गावरच्या गाड्यांची घरघर तिथवर ऐकू येते, त्यामुळे ट्रकचा विषय निघायला एरवी निमित्त लागत नाही. त्या संध्याकाळी मात्र निमित्त समोरच बसले होते. केरळात कोझिकोडला ट्रकमधली साखर उतरवून दाजी आदल्या रात्री परतले होते आणि दिवसभर झोपूनही त्यांचे डोळे तांबडेच होते. दाजी हे खरे तर आमच्या गल्लीतल्या एका घराचे जावई. परंतु बिऱ्हाड सासुरवाडीजवळच केल्यामुळे ते आता सगळ्या कट्ट्याचे दाजी झाले आहेत, आणि वयाने सर्वांत लहान असूनही त्यांना अहो-जाहो करण्याचा प्रघात पडला आहे.

विषय काढला तो तात्यांनी. तीस वर्षे ट्रक चालवून ते आता घरी बसले आहेत, आणि एवढ्या वर्षांत गाडीला मोठा अपघात झाला नाही याचे श्रेय ते आपल्या एकाच नियमाला देतात: दिवेलागण झाली की गाडी ढाब्यावर लावायची आणि पहाटे चारला पुन्हा काढायची. "दाजी, रात्रीची गाडी सोडा," ते म्हणाले, "नाहीतर एक दिवस ती तुम्हाला सोडेल."

दाजींचे म्हणणे असे होते की, झोपेचा हिशेब नंतर करू, आधी रस्त्याचा करू. दिवसा बेळगावच्या दिशेने निघाले तर प्रत्येक फाट्यावर दुचाकी आडवी येते, कोणी उलट दिशेने रिक्षा घालतो, कुठे शाळा सुटलेली असते, कुठे मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत असतो. दर वेळी ब्रेक दाबायचा, खालचा गिअर टाकायचा आणि भरलेली गाडी पुन्हा वेगात आणताना डिझेल जाळायचे. रात्री अकरानंतर तीच गाडी एका लयीत चालते. उन्हाळ्यात तर दिवसा तापलेल्या डांबरावर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेल्या, टायरचा पट्टा केव्हा सुटेल याचा नेम नसतो, आणि केबिनच्या खालीच इंजिन असल्यामुळे चालकाची अवस्था चुलीवर बसल्यासारखी होते. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, असे मी मध्येच सांगितले. दाजींनी हसून विचारले, की त्यांच्या गाडीला, जिची खिडकीची काचसुद्धा पाचर मारून थांबवावी लागते, तिला हा नियम कधी लागू होणार?

मोठ्या शहरांचा मुद्दाही त्यांचाच. मुंबई-पुण्यात जड वाहनांना अनेक रस्त्यांवर ठरावीक तासांत प्रवेशबंदी असते, आणि वाशीच्या बाजारात भाजीची गाडी पहाटेच्या आत लागली नाही तर मालाचा भाव पडतो. शहराला दिवसा ट्रक दिसायला नको असतो, पण सकाळी मंडई भरलेली हवी असते. मग ट्रकने चालायचे केव्हा?

तात्या एवढ्याने बधणारे नव्हते. त्यांनी उसाचा हंगाम काढला, आणि इथे कट्ट्यावरचे सगळेच गप्प झाले, कारण नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने आमच्या भागात हा विषय थट्टेचा राहत नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर लोंबणारी मोळी, मागचा दिवा असला तर असला, आणि रिफ्लेक्टर लावलेला असला तरी तो वाढ्यांखाली झाकलेला. ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चाललेले ते धूड, समोरून येणाऱ्याने डिपर न देता, म्हणजे दिव्याचा झोत खाली न घेता, अप्पर मारला की, पन्नास फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे बंद पडलेला ट्रक: मागे चार धोंडे आणि झाडाची एक फांदी ठेवली की आपले कर्तव्य संपले असे मानणारे चालक तात्यांच्या काळीही होते आणि आजही आहेत, आणि गाडी दुरुस्त झाल्यावर ते धोंडे तसेच टाकून जाणारेही आहेत. ताडपत्री कापून माल पळवणारे आणि उभ्या गाडीच्या टाकीतून डिझेल काढणारे अंधारातच हात मारतात, हेही त्यांनी जोडले. पण हा मुद्दा लंगडा होता, कारण गाडी उभी असताना होणाऱ्या चोरीचे खापर रात्री चालणाऱ्या गाडीवर कसे फोडणार? दाजींनी तेवढे पकडलेच.

आता मास्तर बोलले. निवृत्त विज्ञानशिक्षक असल्यामुळे ते आकड्यावाचून बोलत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत सर्वाधिक अपघात नोंदले जातात ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात, आणि मध्यरात्रीनंतरच्या तासांत ते बरेच कमी असतात, असे त्यांनी सांगताच दाजींनी मांडीवर थाप मारली. मास्तरांनी त्यांना थांबवले. मध्यरात्रीनंतर रस्त्यावर वाहनेच थोडी असतात, त्यामुळे अपघातांची संख्या कमी असणे आणि धोका कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीराचे घड्याळ साधारण पहाटे दोन ते पाच या वेळात झोपेकडे सर्वांत जास्त ओढते, आणि तशीच, पण सौम्य, गुंगी दुपारी जेवणानंतर येते. म्हणजे तात्या अभिमानाने सांगतात ती पहाटे चारची वेळही काही निर्दोष नाही. तात्यांना हे लागले. आपण रात्री नऊला आडवे होत होतो, चारला उठताना सात तासांची झोप पदरात असे, असे ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, आणि त्या उत्तरात, माझ्या मते, त्यांनी नकळत सगळ्या वादाची जागाच बदलली. प्रश्न उजेड-अंधाराचा नव्हताच. गाडी काढताना चालक किती तासांपासून जागा आहे, हा होता.

म्हणून मी दाजींना त्यांच्या गेल्या खेपेची वेळ विचारली. सकाळी सहाला उठून ते कारखान्यावर गेले, दिवसभर रांगेत होते, आणि पोती भरून, ताडपत्री बांधून, दोर आवळून गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. रांगेत झोप का काढली नाही, असे बापूंनी विचारले. दर अर्ध्या तासाला गाडी दोन नंबर पुढे घ्यावी लागते आणि क्लीनर आता कोणी ठेवत नाही, एवढेच दाजी म्हणाले. मास्तरांनी बोटांवर मोजले. सकाळी सहापासून सतरा तास भरतात ते रात्री अकराला, म्हणजे दाजींना प्रिय असलेला मोकळा रस्ता जिथे सुरू होतो, नेमके तिथेच. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची तत्परता शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले होते. आपल्याकडे चालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. नाक्यावर पोलिसांनी दाजींना नळीत फुंकायला लावले असते तर यंत्राने त्यांना निर्दोष ठरवून पुढे सोडले असते.

बापूंच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळणे साहजिकच होते. ते म्हणाले, की गाडीच्या कर्जाचा हप्ता दिवस-रात्र पाहत नाही. गाडी रोज रात्री उभी केली तर महिन्यातली एक खेप जाते, आणि ती गेली की उरतेच काय? नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असावेत हा नियम २०१८ साली सरकारनेच काढून टाकला, आणि त्याच वर्षी तीन आसांच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेले. म्हणजे माल वाढला आणि माणूस कमी झाला. यात आपण एकटेच दोषी कसे? मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा आठ तासांचा कायदा मी काढला, तेव्हा तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्यांसाठी होता, असे त्यांनी तत्परतेने सांगितले. हा बारकावा त्यांना पाठ होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तीच तासांची मर्यादा मालवाहू गाडी चालवणाऱ्या कोणालाही लावली, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते, किंवा त्यांनी तसे दाखवले. "आणि तास मोजणार कोण?" हे त्यांचे शेवटचे वाक्य, त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

चालकाला पुरेसा वेळ देणारा एक कागद तरी सापडतो का ते मास्तरांनी पाहिले. कराड ते कोझिकोड सुमारे नऊशे किलोमीटर; मालासोबत लागणाऱ्या सरकारी ई-वे बिलाला दोनशे किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते, म्हणजे पाच दिवस. सरकारी कागद पाच दिवस देत असताना व्यापाऱ्याला माल तिसऱ्या सकाळी हवा असतो, आणि उशीर झाला तर भाड्यातून कापतो तो व्यापारीच.

"त्या रस्त्यावर मी एक रात्र मात्र पुरी झोपतो," दाजी म्हणाले. म्हैसूरच्या पुढे गुंडलुपेट ओलांडले की बंडीपूरचे जंगल लागते, आणि वन्यप्राण्यांसाठी २००९ पासून तिथला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. दाजी या खेपेला तिथे सव्वानऊला पोहोचले. मालकाचा फोन आला, तेव्हा फाटक बंद आहे एवढेच त्यांनी सांगितले, केबिनमध्ये अंथरूण घातले आणि सहापर्यंत झोपले.

बापूंनी थोडा विचार केला आणि हुणसूर-गोणिकोप्पल-कुट्टावरून मानंथवाडीला उतरणारा पर्यायी रस्ता आहे ना, असे विचारले. तो रात्रीही चालू असतो, असे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते.

"आहे," दाजी म्हणाले, "पण आमच्या मालकाला तो अजून माहीत नाही, बापू." आणि त्यांनी बापूंच्या वाट्याचा चहाही स्वतःच्या खात्यावर लिहायला सांगितला.