दही खाऊन दीडशे वर्षं? काकेशसवाल्या त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या आत्याने बीपीची गोळी परस्पर बंद केली. वय सत्तरच्या पुढे, गोळी चालू होऊन कित्येक वर्षं झाली, सगळं नीट चाललेलं. का बंद केलीस विचारलं तर फोन पुढे केला, ‘हे वाच, त्या लोकांना कुठे लागतात गोळ्या?’ फॅमिली ग्रुपवर आलेला लांबलचक मेसेज होता, काकेशस पर्वताबद्दल, आणि तोपर्यंत तो नात्यातल्या निम्म्या लोकांनी पुढे ढकलला होता. बीपी मोजलं तर वरचा आकडा १८०. आता गोळी परत सुरू आहे, पण माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्याकडे तो मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मध्ये, युरोप आणि आशियाच्या सीमेवर काकेशसची डोंगररांग आहे. मेसेज म्हणतो की तिथले लोक १५०-१६० वर्षं जगतात, कारण ते रोज दही खातात, दारूला शिवत नाहीत आणि आयुष्यात एकही गोळी घेत नाहीत. हजारो वर्षांत तिथे परकं सैन्य पोचलं नाही त्यामुळे मनाला ताण नाही. सगळे एकाच शुद्ध गोऱ्या आर्य वंशाचे, भाषा संस्कृतमधून निघालेली. अझरबैजानची राजधानी बाकू, तिथे पाच हजार वर्षं जुनं हिंदू मंदिर. निसर्गाला माणसाचा हात लागलेला नाही. आणि शेवटी ठोकून दिलंय, ‘हे हार्वर्डच्या डॉक्टरने सिद्ध केले आहे.’

आधी वयाचं बघू, कारण माणसं गोळ्या बंद करतायत ती त्याच्या जोरावर.

ही भानगड सोव्हिएत काळातली. अझरबैजानच्या लेरिक भागात शिराली मुस्लिमोव नावाचा मेंढपाळ होता, तो १९७३ मध्ये वारला तेव्हा त्याचं वय १६८ सांगितलं गेलं, म्हणजे जन्म १८०५. त्याच भागातल्या महमूद ऐवाझोवचं तर १९५६ मध्ये सोव्हिएत सरकारने पोस्टाचं तिकीट काढलं, वय १४८ म्हणून. जगभरच्या पेपरांनी हे छापलं. सत्तरच्या दशकात एका अमेरिकन दही कंपनीने अबखाझियातल्या (काळ्या समुद्राकाठचा, तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियातला भाग) म्हाताऱ्यांना घेऊन टीव्हीवर जाहिरात केली आणि तिथून दही आणि दीर्घायुष्य ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. म्हणजे आपल्या ग्रुपवर आज फिरतंय त्यातला दह्याचा भाग पसरला तो दही विकायच्या जाहिरातीतून.

आता हार्वर्डचा डॉक्टर. तो खरा आहे, नाव अलेक्झांडर लीफ. तो अबखाझियाला गेला, म्हाताऱ्यांना भेटला आणि जानेवारी १९७३ च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये त्याने मोठा लेख लिहिला. मेसेज इथेच थांबतो. पुढचं ऐका. त्याच लेखात इक्वेडोरमधल्या विल्काबाम्बा गावचेही शतायुषी होते. तिथल्या एका म्हाताऱ्याने पहिल्या भेटीत वय १२१ सांगितलं आणि चार वर्षांनी लीफ परत गेला तर तोच माणूस १३२ वर्षांचा झालेला. लीफ प्रामाणिक माणूस, त्याने स्वतःच दुसऱ्या संशोधकांना तपासायला लावलं, आणि चर्चच्या नोंदी बघितल्यावर अख्ख्या गावात शंभरी गाठलेला एकही माणूस निघाला नाही. शेवटी लीफनेच मान्य केलं की असे दीर्घायुषी लोकांचे प्रदेश असल्याचा पुरावा नाही. म्हणजे ज्याच्या नावावर मेसेज उभा आहे त्यानेच म्हणणं मागे घेतलंय, आणि त्याला चाळीस वर्षं होऊन गेली!

आणि दारूचं काय? लीफ ज्या अबखाझ आजीबाईंवर भाळला त्या खफाफ लासुरिया सिगरेट ओढायच्या आणि नाश्त्याच्या आधी छोटा पेला व्होडका घ्यायच्या. शेजारच्या जॉर्जियात वाइन बनवण्याचे जगातले सगळ्यात जुने पुरावे मिळालेत, साधारण ८००० वर्षांपूर्वीचे, मातीच्या भांड्यांत. आजही तिथे क्वेव्री नावाचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात द्राक्षाचा रस आंबवतात, युनेस्कोने २०१३ मध्ये ही पद्धत वारसा यादीत घेतली. दारूला न शिवणारे लोक म्हणून दाखवायला अख्ख्या जगात हाच प्रदेश सापडला?

मग वयं एवढी फुगली कशी, हे ज्याने नीट उकलून दाखवलं तो माणूस म्हणजे झोरेस मेदवेदेव. रशियन जीवशास्त्रज्ञ, म्हातारपणावरच संशोधन करणारा, सोव्हिएत सरकारने नागरिकत्व काढून घेतल्यावर लंडनला राहिला आणि १९७४ मध्ये ‘द जेरोंटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात त्याने लेख लिहिला. मी तो वाचला आणि सगळ्यांनी वाचावा असं मला वाटतं, कारण त्यात आकडेमोडीपेक्षा माणसं जास्त कळतात. एक तर या डोंगराळ भागात, खास करून मुसलमान गावांत, एकोणिसाव्या शतकात जन्माची नोंदच होत नव्हती, आणि चर्चमध्ये जिथे होती तिथली दप्तरं १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर बरीचशी नष्ट झाली. सोव्हिएत पासपोर्ट सुरू झाले १९३२ मध्ये, म्हणजे तोंडी सांगितलेलं वय लिहिलं गेलं. त्यात तिथे म्हाताऱ्या माणसाला मान फार, जेवणाला पहिला घास त्याचा, भांडण मिटवायला शब्द त्याचा, त्यामुळे वय वाढवून सांगण्यात फायदाच. शिवाय स्टालिन स्वतः जॉर्जियाचा, आपल्या मुलखातली माणसं दीडशे वर्षं जगतात ही गोष्ट त्याला आवडायची, मग खालचा कुठला अधिकारी खोटं म्हणणार? (स्टालिन स्वतः ७४ व्या वर्षी गेला.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण, सैन्यभरती. पहिल्या महायुद्धात आणि नंतरच्या यादवीत भरती चुकवायला किंवा पळून आल्यावर लपायला कित्येकांनी बापाचे कागद वापरले. एका झटक्यात पोरगा वीस-तीस वर्षांनी म्हातारा. मेदवेदेवने सैबेरियातल्या याकुतियाच्या एकाचं उदाहरण दिलंय (तो काकेशसचा नव्हे, पण प्रकार तोच), त्याचा १३० वर्षांचा म्हणून ‘इझ्वेस्तिया’ या सोव्हिएत सरकारी पेपरात फोटो छापून आला आणि मग ओळखणाऱ्यांचं पत्र आलं की अहो हा तर युद्धातून पळून आलेला, बापाच्या कागदांवर राहतोय, खरं वय ७८. १२० च्या पुढचं वय सांगणाऱ्यांपैकी एकाकडेही भरवशाचा कागद नव्हता. कागदपत्रांनी पक्कं ठरलेलं जगातलं सगळ्यात जास्त वय आजही १२२ च आहे, फ्रान्सच्या जान काल्मां बाईंचं.

बरं, एक गोष्ट मान्य करतो. त्या भागात काटक, ताठ चालणारे, ऐंशी-नव्वदीतही कामाला जाणारे म्हातारे आहेत हे बऱ्याच लोकांनी बघून लिहिलंय. डोंगर चढणं, पालेभाज्या, ताजं दही, आणि घरात म्हाताऱ्याला किंमत, या सगळ्याचा उपयोग होत असणारच. केफीर हा आंबवलेल्या दुधाचा प्रकारही मूळचा उत्तर काकेशसचाच. दही खा की, कोण नको म्हणतंय! पण दह्याने बीपीची गोळी सुटते हे लीफने म्हटलेलं नाही, मेदवेदेवने म्हटलेलं नाही, कोणीच म्हटलेलं नाही.

दुसरा मुद्दा वाचून मला राग जास्त आला की वाईट जास्त वाटलं ते सांगता येत नाही. ‘हजारो वर्षांत परकं सैन्य पोचलं नाही.’ अहो, इराणी, अरब, मंगोल, तैमूर, तुर्क, रशियन, कोण पोचलं नाही ते सांगा. उत्तर काकेशसमधल्या दागेस्तान आणि चेचन्यातल्या लोकांनी इमाम शामिल या पुढाऱ्याच्या मागे उभं राहून रशियाच्या झारशी पंचवीस वर्षं झुंज दिली, १८५९ मध्ये गुनीबच्या डोंगरावर तो शरण आला. पश्चिमेकडे चेर्केस लोक आणखी पाच वर्षं लढले. २१ मे १८६४ ला रशियन सैन्याने विजयाची परेड केली आणि चेर्केसांना काळ्या समुद्राच्या काठावर ढकलून बोटींत भरून तुर्कस्तानच्या सुलतानाच्या मुलखात हाकललं. काठावर आणि बोटींवर किती मेले याचा हिशोबच नाही. आज बहुतेक चेर्केस मायदेशात नाहीत, तुर्कस्तान, जॉर्डन, सीरियात आहेत. ती परेड झाली ते ठिकाण म्हणजे आजचं क्रास्नाया पोल्याना, जिथे २०१४ मध्ये हिवाळी ऑलिम्पिकच्या बर्फातल्या शर्यती झाल्या, बरोबर दीडशे वर्षांनी.

आणि मग १९४४. २३ फेब्रुवारी हा लाल सैन्याचा, म्हणजे सोव्हिएत लष्कराचा दिवस. चेचेन आणि इंगुश पुरुषांना कार्यक्रमाच्या नावाखाली गावच्या चौकात बोलावलं आणि तिथे सांगितलं की तुमची सगळी जमात देशद्रोही आहे. बायका, पोरं, म्हातारे, घरी फक्त जमेल तेवढं सामान बांधायला वेळ, मग अमेरिकन ट्रक, मग मालगाडीचे डबे, आणि भर थंडीत रवानगी कझाकस्तान आणि किर्गिझियाला. जवळपास पाच लाख माणसं, काही दिवसांत. कराचाई लोकांना आधीच नोव्हेंबर १९४३ मध्ये नेलं होतं, बाल्कारांना मार्च १९४४ मध्ये. पहिल्या चारेक वर्षांत या चार जमातींतली लाखाहून जास्त माणसं भुकेने, थंडीने, टायफसने गेली. परतायची परवानगी १९५७ मध्ये मिळाली. नव्वदच्या दशकापासून चेचन्याची दोन युद्धं, अबखाझियातून दोन लाखांहून जास्त जॉर्जियन लोक बेघर, आणि अगदी अलीकडे सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानमधल्या काराबाखमधून लाखभर आर्मेनियन आठवड्याभरात घरं सोडून निघाले. या लोकांबद्दल ‘मनाला ताण नाही’ असं लिहिणाऱ्याला काही वाटायला हवं होतं.

वंश आणि भाषा. गोऱ्या लोकांना ‘कॉकेशियन’ म्हणायची टूम जर्मनीतल्या ब्लूमेनबाख नावाच्या प्राध्यापकाने १७९५ च्या पुस्तकातून रुजवली. तो काकेशसला कधी गेलाच नव्हता. त्याच्या संग्रहात एका जॉर्जियन तरुणीची कवटी होती, युद्धात कैद करून मॉस्कोला नेलेली मुलगी, तिथेच मेली, आणि ती कवटी त्याला सगळ्यात सुंदर वाटली. एवढ्यावर जगातल्या गोऱ्यांचं मूळ काकेशसला नेऊन ठेवलं. आणि गंमत नाही, संताप येतो, की त्याच काकेशसच्या लोकांना रशियातल्या शहरांत आज ‘काळे’ म्हणून हिणवतात. सगळे एकाच वंशाचे म्हणणाऱ्याने दागेस्तानचा नकाशा बघावा. महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा मुलूख आणि तिथे तीसहून जास्त भाषा, अवार, दार्गिन, लेझगी, लाक, आणि अर्ची तर एका खोऱ्यातल्या हजारभर लोकांची. जॉर्जियन, चेर्केस आणि चेचेन या तीन वेगळ्या भाषाकुळांतल्या, एकमेकींशी त्यांचं नातं अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही आणि संस्कृतशी तर नाहीच नाही. हां, मध्य काकेशसमधल्या ओसेती लोकांची भाषा इराणी शाखेची आहे, म्हणून ती संस्कृतची आणि पर्यायाने मराठीची लांबची नातेवाईक लागते, आर्मेनियनही त्याच मोठ्या कुळातली. खरं आहे ते एवढंच.

मंदिराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो खरा भाग मेसेजमधल्या थापेपेक्षा किती तरी चांगला आहे. बाकूजवळ सुराखानी इथे आतेशगाह आहे. पाचकोनी आवार, भोवती यात्रेकरूंच्या दगडी खोल्या, मधे चार खांबांची घुमटी, तिच्यात ज्योत, वर त्रिशूळ. खोल्यांच्या दारांवर शिलालेख कोरलेत, ‘श्री गणेशाय नमः’ने सुरू होणारे, ज्वालाजीचं नाव असलेले, काही गुरुमुखीत, एक फारसीत. एकावर संवत १८०२ आहे, म्हणजे १७४५-४६. बांधणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मंडळींत मुलतान, सिंध, पंजाबचे व्यापारी आणि साधू, जे त्या काळी रशियातल्या अस्त्राखान शहरापर्यंत धंदा करत होते. तेव्हा पाच हजार नाही, तीनेकशे वर्षं. पुष्कळ लोक ते पारशांचं अग्निमंदिर समजायचे, पण १९२५ मध्ये मुंबईचे विद्वान पारशी धर्मगुरू जीवनजी जमशेदजी मोदी स्वतः तिथे गेले आणि म्हणाले की हे आमचं नाही, हिंदूंचं आहे. स्वतःच्या धर्माच्या बाजूने बोलायची आयती संधी असताना त्यांनी डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. आणि हो, तिथली ‘अखंड ज्योत’ही नैसर्गिक राहिलेली नाही. आजूबाजूला एवढा गॅस उपसला की १९६९ मध्ये ती विझली, आता पाइपाने आणलेल्या गॅसवर पेटवतात.

निसर्गाला हात न लागल्याचं तर बोलायलाच नको. काकेशसचा रानगवा, म्हणजे तिथला बायसन, झारच्या शिकारीसाठी राखला होता म्हणून टिकला होता. क्रांतीनंतर बंदुका मोकाट सुटल्या, गुरांचा रोग आला आणि १९२७ मध्ये शिकारचोरांनी शेवटचा मारला. आज पश्चिम काकेशसच्या अभयारण्यात जे कळप दिसतात ते अमेरिकन बायसनचं रक्त मिसळलेले, १९४० पासून माणसाने आणून सोडलेले.