जे असेल ते द्या

आमच्या जळगावात दिवाळीची साफसफाई आणि समाजसेवा एकाच आठवड्यात निघतात. माळ्यावरून वस्तू खाली येते. घंटागाडीत टाकायला जीव होत नाही आणि भंगारवाला भाव असा पाडून मागतो की अपमान वाटावा. मग घरातल्या कुणाला तरी बालगृहातल्या मुलांची आठवण येते.

वास्तविक अंदाज बांधायची काही गरज नव्हती. बालगृहाच्या अधीक्षिका मॅडमनी स्वतःच्या हाताने यादी लिहून दिली होती. एकरेघी वह्या. सॅनिटरी पॅड. उवांचं औषध. खोबरेल तेल. नवी अंतर्वस्त्रं, मापं सोबत जोडली आहेत. स्लिपर ७, ८ आणि ९ नंबरच्या. बादल्या, मगांसकट. आमच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन काकांनी ती वाचली आणि "सणासुदीचं हे अंतर्वस्त्रं वगैरे बरं दिसत नाही" म्हणून खिशात घातली. तिच्या जागी त्यांनी भरपूर जोडलेले हात टाकून लिहिलं, 'फूल ना फुलाची पाकळी, जे असेल ते द्या.' खाली सामान जमा करायचा पत्ता माझा. कारण काय, तर पोर्च मोठा.

लोक शब्दाला जागले. जे होतं ते दिलं.

बालगृह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रांगणारं बाळच येतं. त्यामुळे झबली, टोपरी, दुपटी यांचा ढीग लागला. सहा वर्षांच्या आतली मुलं शिशुगृहात असतात. बालगृहात सहा ते अठरा. नऊ नंबरची स्लिपर घालणाऱ्या, मिसरूड फुटलेल्या मुलाला झबलं कसं चढवायचं, हे मी विचारलं की लोक माझ्याकडे पाषाणहृदयी माणूस म्हणून बघत. "अनाथ लेकरं हो, बिचारी, काहीही चालेल!" पुष्कळांना आई नाहीतर बाप असतो, परिस्थितीमुळे बालकल्याण समितीच्या आदेशाने ती तिथे राहतात, हे सांगेपर्यंत समोरचा पिशवी ठेवून गेलेला असे.

समोरच्या आजी मूळच्या अमळनेरच्या. त्यांनी सफारी सूट आणला. "मना आंडोरना शे. एकच डाव घालेल शे, नवाच शे." तो एक डाव म्हणजे मुलाचं लग्न. त्या मुलाचा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. सुटाच्या खिशात अक्षताही होत्या.

बदललेल्या अभ्यासक्रमाची गाईडं आली. झाकण नसलेला कुकर आला ("शिट्टी आहे ना पण!"). आणि मग शेवटच्या गल्लीतले निवृत्त साहेब हातगाडीवर कूलर घेऊन आले. जळगावच्या मे महिन्यात कूलर दान करणारा माणूस देवच म्हणायचा. पण हा ऑक्टोबर होता. "बॉडी एकदम ओके आहे," ते म्हणाले, "फक्त मोटर, पंखा आणि पंप टाकला की झालं." म्हणजे चार बाजूंचा पत्रा. वाळ्याच्या जुन्या ताट्या मात्र होत्या, आणि त्यांत पालीची अंडी.

नको म्हणायची आपल्याकडे सोयच नाही. नाही म्हटलं की दात्याला वाटतं, मुलांच्या तोंडचा घास आपणच काढतोय.

शेवटी आमच्या हिने काकांच्या खिशातून ती यादी काढवली आणि बायकांच्या भिशीच्या ग्रुपवर जशीच्या तशी टाकली, अंतर्वस्त्रांसकट. फुले मार्केटला दोन फेऱ्या झाल्या आणि सगळं सामान जमलं. सामान द्यायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "फराळ नाही ना आणला? दिवाळीत इतका येतो की पोरांची पोटं बिघडतात. जूनमध्ये शाळा उघडते, वह्या-दप्तरं लागतात, तेव्हा कुणी फिरकत नाही." अ‍ॅडमिन काकांचं लक्ष फोटोकडे. मुलांना बादल्या देताना एक, एवढंच. मॅडमनी शांतपणे बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४ ऐकवलं: मुलांची ओळख उघड करायची नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "पाठमोरी चालतील का?" काकांनी विचारलं. "चालेल की, तुमची पाठ घ्या." शेवटी काका बादल्यांसोबत उभे राहिले. तो फोटो अजून ग्रुपच्या डीपीला आहे.

एवढ्यावर भागलं असतं, पण केळीचा भाव पडला, आणि भाव पडला की खानदेशी माणसाचं मन मोठं होतं. रावेरकडच्या एका दात्याने छोटा हत्ती भरून हिरवीगार केळी पाठवली, अर्थातच माझ्या पोर्चात. मॅडमनी मुलांना पुरतील तेवढ्या फण्या नेल्या. "बाकीची ठेवून काय करू? सगळी एकदमच पिकणार," म्हणाल्या. खरंच आहे, पिकत्या केळ्यातून इथिलीन वायू निघतो आणि तो शेजारच्यालाही पिकवतो. उरलेले घड ठेवायला कोरडी, बंद जागा हवी होती. कूलर होताच. ताट्या काढून त्यात घड रचले, वरून पोती टाकली.

पिकली, आणि खरोखर एकदमच पिकली. शिकरण झालं, केळ्याची भजी झाली, गल्लीतल्या गाईसुद्धा तोंड फिरवू लागल्या. मग मी ग्रुपवर टाकलं, 'केळी आहेत, घेऊन जा.' दान द्यायला जे आठवडाभर सवडीने येत होते, ते चहा व्हायच्या आत पिशव्या घेऊन हजर. आजींनी तर सफारी सुटाचीच पिशवी परत मागून घेतली.

सगळ्यात शेवटी निवृत्त साहेब. दोन डझन केळी निवडून घेतली, कूलरवर थाप मारली. "बघा, आला ना कामाला? आता याची आयकर सवलतीची, ८०जीची पावती तेवढी द्या."

मी म्हटलं, साहेब, वस्तूंना ती सवलत नाही. पैसे दिले तर मिळते, आणि रोख द्याल तर दोन हजारांपर्यंतच.

"मग घरी नेतो," ते म्हणाले. हातगाडीवाल्याला हाक मारली, कूलर वर चढवला, आत डोकावले आणि माझ्याकडे वळले.

"यातली मोटर कुठे गेली?"