मीठ म्हणजे खारफुटीचं खत नव्हे

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘खारफुटी समुद्राचं पाणी पिऊन जगते. मीठ हेच तिचं खत, जितकं जास्त तितकी ती जोमदार. गोड्या पाण्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे नदी अडवा, खाडीला बांध घाला, तिला काही होत नाही.’ पहिली तीन वाक्यं निरागस वाटतात, पण ती शेवटच्या वाक्यासाठीच रचली आहेत. म्हणून एकेक बघू.

‘समुद्राचं पाणी पिते.’ पिते, पण गाळून. तिवर आणि कांदळ ही खारफुटीतलीच झाडं. तिवराची मुळं साधारण ९० टक्क्यांहून जास्त मीठ बाहेरच अडवतात आणि कांदळाची तर जवळपास ९९ टक्के. तिवरात जे थोडं वर चढतं ते पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवसात भर दुपारी तिवराचं पान उन्हात तिरकं धरा, बारीक कण चमकतात. जीभ लावली तर खारट. कांदळाला अशा ग्रंथीच नाहीत, त्याचा सगळा भार मुळांवर. (झाड एखादं पान पिवळं करून त्यात सगळं मीठ भरतं आणि गाळून टाकतं, ही गोष्टही सोबत येते. पानात मीठ वयाबरोबर हळूहळू साठतं. पिवळं पडताना ते एकदम भरल्याचं मोजमापांत दिसलेलं नाही.)

‘जितकं मीठ जास्त तितकी जोमदार.’ यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. निव्वळ गोड्या पाण्यात वाढवलेली तिवराची रोपं खुरटतात, त्यांच्या पाणी वाहणाऱ्या नलिकाही नीट घडत नाहीत. थोडं मीठ तिवराला लागतंच. पण प्रयोगांत त्याची वाढ सर्वांत चांगली होते ती समुद्राच्या पाण्यात गोडं पाणी मिसळल्यावर. त्यापुढे मीठ वाढवत गेलं की वाढ मंदावते.

कारण पाणी ओढण्याचा खर्च. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून नुसतं पाणी वेगळं ओढायला साधारण २५ वातावरणदाबाइतका, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २५ पट, ताण लागतो आणि तो झाडाला पानांपासून मुळांपर्यंत सतत धरून ठेवावा लागतो. शास्त्रज्ञ शोलँडर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये खारफुटीसारख्या झाडांच्या फांद्या दाबपात्रात घालून हा ताण मोजला, तो ३५ ते ६० वातावरणदाब भरला. ताण फार वाढला की नलिकेत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नलिका निकामी होते. त्यामुळे जास्त खाऱ्या जागी झाड नलिका अरुंद करतं. धोका टळतो, पण पाणी कमी वाहतं, पानं कमी फुटतात, उंची खुंटते. खाडीच्या काठावरचं तिवर डोक्यावर जातं आणि मागे, जिथे फक्त उधाणाचं पाणी चढतं आणि उन्हात आटतं, तिथलं तेच तिवर कमरेएवढं राहतं. कच्छच्या आखातातली बहुतेक तिवरं अशीच बुटकी आहेत. ‘जोम’ म्हणतात तो हाच का?

‘गोड्या पाण्याशी संबंध नाही.’ मग कोकणातल्या तिवरांच्या बिया ऐन पावसाळ्यात, खाडीचं पाणी कमी खारट झालेलं असताना का गळतात? रोप नाजूक असतं तेव्हाच मीठ कमी असतं, हा त्यांचा मोठा फायदा. शिवाय तिवर पानांवर पडलेलं पावसाचं पाणी थेट आत घेतं. ऑस्ट्रेलियात खोडांवर घेतलेल्या मोजमापांत पावसानंतर वाढीची उसळी दिसली, तो अभ्यास २०१८ चा. आणि गंगेवरचं फरक्का धरण सुरू झालं १९७५ मध्ये. त्यानंतर उन्हाळ्यात गंगेचं पाणी घटलं, बांगलादेशच्या सुंदरबनाच्या पश्चिम भागात क्षारता वाढली. तिथल्या सुंदरी वृक्षांचे शेंडे वाळतात, त्यामागचं एक प्रमुख कारण हेच मानलं जातं.

राहिला बांध. बांधामागे पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे तुंबतं, तिवराची वर आलेली श्वसनमुळं बुडतात आणि झाड गुदमरतं. उन्हाळ्यात तेच पाणी आटून जमिनीवर मिठाची खपली धरते, मग मुळांना पाणी ओढणं अशक्य होतं. समुद्र नुसता काही महिने खाली राहिला तरी काय होतं ते ऑस्ट्रेलियाच्या कार्पेंटेरिया आखाताने २०१५-१६ मध्ये दाखवलं: एल निनोच्या काळात समुद्राची पातळी उतरली, पाऊसही कमी झाला आणि सुमारे ७,४०० हेक्टर खारफुटी वाळून गेली. आपल्याकडे तेवढी वाट पाहायची गरज नाही, रस्त्याखालची एक मोरी बुजली तरी पुरते. ती वेळेत मोकळी करून भरती-ओहोटी पुन्हा चालू केली तर झाडं सावरू शकतात. मुळं कुजल्यावर नाही.