अठ्ठावीस गोळ्यांचा महिना

इथे इंग्लंडात डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. नवीन असताना आईला फोनवर 'आज सर्जरीत गेलो होतो' म्हणालो तर ती फोन तसाच ठेवून देवापुढे जाऊन बसली.

मला बीपीची एकच गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, पाचची. महिन्याच्या अठ्ठावीस मिळतात. सातारला रिकामी स्ट्रिप दाखवली की मेडिकलवाला बोलता बोलता वरच्या खणातून बॉक्स काढतो, वर 'कधी आलात' म्हणून चौकशी, दीड मिनिटात काम खलास. इथे शेवटचा आठवडा लागायच्या आत मागितली तर 'टू अर्ली', आणि वेळेत मागितली तर सर्जरीचे दोन वर्किंग डे, मग फार्मसीचे वेगळे, मधे शनिवार-रविवार आणि वर बँक हॉलिडे आला की संपलंच.

या वेळी पाच गोळ्या उरल्या होत्या. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावला, रांगेत तेविसावा. चाळीस मिनिटं तीच ती पिपाणी ऐकल्यावर बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, रिपीट, म्हणजे नेहमीच्या औषधाची मागणी, आम्ही फोनवर घेत नाही, अ‍ॅपवरून टाका. हे रेकॉर्डिंगमधे सांगायला काय जातं? अ‍ॅपवर टाकलं तर दुसऱ्या दिवशी रिजेक्टेड, कारण मेडिकेशन रिव्ह्यू, म्हणजे चालू औषधाचा आढावा, ड्यू. रिव्ह्यूला बीपीचं रीडिंग हवं.

मग गेलो सर्जरीत. वेटिंग रूमच्या कोपऱ्यात बीपीचं मशीन असतं, त्याच्या नळकांड्यात स्वतःच हात घालायचा आणि बटण दाबायचं. शेजारी एक पोर कोकलत होतं, रिसेप्शनवर एक आजोबा माझ्याच प्रश्नावरून भांडत होते, बसमधून धावत आल्याने मला धाप लागलेली, आणि मशीनने हात असा आवळला की मी मनात दोनचार शिव्या हासडल्या. किराणाच्या बिलासारखी चिठ्ठी बाहेर आली, १६२/९८. ती रिसेप्शनला द्यायची.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. बीपी कंट्रोलमधे नाही, आपण दहाची करू. अहो पण ते रीडिंग तुमच्याच रांगेमुळे आलंय, असं म्हणणार होतो, तोवर 'टेक केअर' म्हणून ठेवलासुद्धा.

फार्मसीत गेलो तर दोन पिशव्या. कुणीतरी जुनी पाचचीही मंजूर करून टाकली होती, नवी दहाची वेगळ्या प्रिस्क्रिप्शनवर. एकेका आयटमला ९.९० पौंड. ग्लासगोच्या मेव्हणीला सगळं फुकट, स्कॉटलंडमधे चार्जच नाही. आमच्या हिला थायरॉइड आहे म्हणून एक्झम्प्शन, म्हणजे थायरॉइडचीच नाही, सर्दीखोकल्याचीसुद्धा सगळी प्रिस्क्रिप्शनं माफ. बीपीला सवलत नाही.

पाचची पिशवी मी परत केली. तर घरी येतो न येतो तोच फार्मसीचा मेसेज, तुमचं औषध तयार आहे, घेऊन जा.