८६४ पानं, पंधरा दिवस

नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. म्हणजे पुस्तक उशिरा परत करायची परंपराही गावात साधारण तेवढीच जुनी असणार. साठी उलटल्यावर मी ती निष्ठेने चालवतो.

जाडजूड कादंबरी मुदतीत वाचून संपवायची, तर हिशेब तसा सरळ. पानं ८६४, मुदत १५ दिवस, रोजची ५८. त्यातून आणल्याचा दिवस वजा (त्या दिवशी फक्त मलपृष्ठ वाचून होतं), परत करायचा वजा, नातवंडांचे दोन वजा. उरले ११, म्हणजे रोज ७९. बारीक टायपाची तासाला वीसच पानं होतात. रोज चार तास! एवढा मोकळा वेळ नोकरीवाल्याला मिळेल एखादवेळ, पेन्शनरला कुठला?

आडवं पडून वाचू म्हटलं, तर बायफोकल आडवा येतो. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात. उताणं झोपून पुस्तक तोंडासमोर धरलं की नजर वरच्या भागातून जाते आणि अक्षरं विरघळतात. मग हनुवटी वर करायची. दहाव्या पानाला मान धरते. फक्त जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. तोट्याची बाजू एवढीच, की आता दोन चष्मे शोधावे लागतात.

ठोकळ्याचं वजन किलोभर. छातीवर ठेवला तर वाचनाऐवजी प्राणायाम होतो. पोथीचा घडीचा लाकडी स्टँड उत्तम. मात्र सुरुवातीला डावी बाजू पातळ असल्याने पानं उजवीकडे उलटतात. डाव्या फळीवर नॅपकिनची घडी ठेवायची, निम्मं पुस्तक झालं की घडी उजवीकडे. पुन्हा बांधलेली प्रत मात्र टाळावी. बाइंडर कडेने टाके घालतो, त्यात आतला समास गडप होतो आणि प्रत्येक ओळीचा एखादा शब्द शिवणीत जातो. तिथे प्रेमपत्रही अंदाजाने वाचावं लागतं.

खरा वेळ खातात ती पात्रं. चाळिसाव्या पानावरची कुसुम तीनशेव्या पानावर लग्न होऊन नलिनी झालेली असते, आणि आपण ही नवी कोण म्हणून अडीचशे पानं मागे. वीजबिलाच्या पाठीवर वंशावळ काढावी, खूण म्हणून तेच बिल ठेवावं. बिल भरून झालेलं असावं.

पुस्तक निवडताना शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघावी. पंधरा दिवसांच्या अंतराने शिक्के जोडीजोडीने पडले असतील, तर समजावं, एका मुदतीत ते कुणालाच झेपलेलं नाही.

मुदतवाढीला चौदाव्या दिवशीच जावं, पुस्तक सोबत घेऊन, पावसाळ्यात दोन पिशव्यांत गुंडाळून. रंगपंचमीला, जुन्या नाशकातल्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद) उघडतात तेव्हा, मुळीच नाही. आणि दुसऱ्या कुणाची मागणी लागलेली असली, तर पुस्तक जागच्या जागी जमा, नलिनीला कळा सुरू झालेल्या, आणि आपण रविवार कारंजावर रिक्षा शोधत उभे.