त्या मशीनला हात लावू नका

हळदीचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला की सांगलीत सगळ्यांना आनंद होतो. शेतकऱ्याला होतो, अडत्याला होतो, हमालालाही होतो. माझ्या पोटात मात्र गोळा येतो. कारण आमच्या अडत पेढीवरच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये दराच्या रकान्याला चारच आकड्यांची जागा आहे. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत सगळं सुरळीत. त्यापुढं एक रुपया जरी गेला, तरी पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशेबावर, दराच्या जागी नुसत्या चांदण्या छापून येतात. परवा एका शेतकऱ्यानं पट्टी उन्हात धरून बघितली आणि विचारलं, "दिवाणजी, ही फुलं कसली काढलाय? दर कुटं हाय?" मी पेनानं दर लिहिला, शेजारी सही केली, सहीवर शिक्का मारला. पट्टीची घडी घालता घालता तो म्हणाला, "मग ह्यो खोका कशाला ठेवलाय?"

हाच प्रश्न मी आमच्या मालकांना, म्हणजे आण्णांना, नाना तऱ्हेनं विचारून झालोय. त्यांचं उत्तर ठरलेलं. "चालतंय न्हवं? मग कशाला हात लावायचा?"

प्रोग्राम १९९६ सालचा. विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारा, फॉक्सप्रोत लिहिलेला. ही फॉक्सप्रोवाली कंपनी मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये विकत घेतली, २००४ मध्ये त्याची शेवटची आवृत्ती काढली आणि २०१५ मध्ये तिचीही देखभाल बंद केली. म्हणजे खुद्द मालकानं हात जोडले. आण्णांनी अजून जोडलेले नाहीत. ज्या सरांनी आम्हाला प्रोग्राम करून दिला, ते १९९९ मध्ये अमेरिकेला गेले. तिकडच्या कॉम्प्युटरांना दोन हजार साल कळेना, म्हणून साल दुरुस्त करणाऱ्यांची मोठी भरती निघाली होती. सर अमेरिकेचं साल दुरुस्त करायला गेले आणि तिकडंच राहिले. जाताना मूळ कोडची फ्लॉपी आण्णांच्या हातात देऊन गेले. आण्णांनी ती तिजोरीत चांदीच्या लक्ष्मीशेजारी ठेवली. दर पाडव्याला तिला हळदकुंकू लागतं. ती घालून बघावी असा खाचा असलेलं यंत्र पेढीत आता एकही नाही.

बरं, प्रोग्राम तेवढा उचलून दुसऱ्या मशीनवर टाकावा, तर तेही जमत नाही. नावं मराठीत दिसावीत म्हणून आत सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड बसवलेलं आहे. ते ज्या खोबणीत बसतं ती खोबण आता कुठल्याच मशीनमध्ये येत नाही. मागं प्रिंटरच्या वायरीत एक लॉक अडकवलाय. तो नसेल तर प्रोग्राम उघडत नाही, आणि तो लावायचं भोकही आता मिळत नाही. धाकट्या मालकांनी एकदा हौसेनं नवा कोरा कॉम्प्युटर आणला. त्यानं प्रोग्रामकडं बघितलं आणि सरळ सांगितलं, हे सोळा बिटचं आहे, मी चौसष्ट बिटचा, आपलं जमणार नाही. मग जरा जुना, पण वेगवान असा एक कुणाकडून तरी मागून आणला. त्यावर 'डिव्हाइड बाय झिरो' असा संदेश आला. चौकशी केल्यावर कळलं की प्रोग्राम सुरू होताना आधी मशीनचा वेग मोजतो. ह्या मशीननं ते काम इतक्या लवकर उरकलं की लागलेला वेळ शून्य भरला, आणि शून्यानं भागायची वेळ आली. आण्णांना फार आनंद झाला. "बघा! आपल्या प्रोग्रामला घाई सोसत न्हाई."

तेव्हा मशीन तेच. हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय पुण्याच्या तपकीर गल्लीतून शोधून आणलेले. कीबोर्ड मूळचा पांढरा असावा; आज तो अस्सल राजापुरी हळदीच्या रंगाचा आहे. हळदीची पूड आत जाऊन 'एंटर' रुतून बसलाय, तो अंगठ्यानं दाबायचा आणि नखानं उचलायचा. बाजूला टेबलफॅन. वाऱ्यासाठी बसलेल्या पाहुण्यानं तो स्वतःकडं वळवला की मी उठून परत मशीनकडं वळवतो. पाहुण्यांना राग येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गणपती पेठेत पाणी शिरायला लागलं तेव्हा आधी वह्या वर नेल्या नाहीत, गल्लाही नाही. आधी एका हमालाच्या डोक्यावर टॉवेल, टॉवेलवर मशीन, आणि मागून त्याचा कुणाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून मी. शेजारचा व्यापारी वरच्या खिडकीतून ओरडला, "मूर्ती कुटली बसवलाय?"

करांचं तर विचारूच नका. आमच्या बिलावर कराच्या रकान्याला 'वि.कर' असं नाव आहे. विक्रीकर गेला, २००५ मध्ये व्हॅट आला. आम्ही व्हॅटचा शिक्का करून घेतला. व्हॅट गेला, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. आम्ही दुसरा शिक्का करून घेतला. वाळल्या हळदीला पाच टक्के, त्यातला अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा, आणि प्रोग्रामला तर एकच कर ठाऊक. मग बिल छापायचं, शिक्का मारायचा आणि दोन अडीच पेनानं भरायचे. २०२३ च्या ऑगस्टपासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आलं. त्याचा क्यूआर कोड आमचा प्रिंटर काय छापणार? तो नऊ पिनांचा प्रिंटर 'ण' आणि 'पा' यांतला फरकसुद्धा नीट दाखवत नाही. म्हणून धाकटे मालक तीच बिलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर पहिल्यापासून टाइप करतात, कोड छापतात, कात्रीनं कापतात आणि मी तो डिंकानं बिलावर चिकटवतो. पेढीवर महिन्याला डिंकाच्या बाटल्या किती लागतात हे बघून स्टेशनरीवाल्याला वाटतं, आम्ही बालवाडी काढलीय.

तरीही आण्णांच्या मते सगळं चालतंय. ते चालत नाही, आम्ही ते चालवतो, हे सांगावं कसं? मी पेपरातली उदाहरणं दिली. २०२२ च्या नाताळात साउथवेस्ट नावाच्या अमेरिकन कंपनीची सोळा हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. बर्फ पडला होता हे खरं, पण दुसऱ्या कंपन्या सावरल्या आणि हिचं मात्र कुठला वैमानिक कुठं आहे हे लावणारं जुनं सॉफ्टवेअर कोलमडलं. आण्णा शांतपणे म्हणाले, "त्यांची इमानं हुती. आपली पोती हायत. पोतं जिथं ठिवलंय तिथंच असतंय." मग सांगितलं, २०२० मध्ये न्यू जर्सीत बेकारभत्त्याचे अर्ज इतके आले की साठ वर्षांपूर्वीची कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा येणारी माणसं गव्हर्नरांना जाहीरपणे बोलवावी लागली. आण्णांचे डोळे चमकले. "साठ वर्षं? मग आपलं तर अजून पोरगं हाय."

शेवटी आण्णा वळले ते माझ्या मुलीच्या लग्नामुळं. मी आठवड्याची रजा काढली. इकडं हळद लागत होती आणि तिकडं पेढीवर वीज जाऊन इंडेक्स, म्हणजे कुठली नोंद कुणाची हे सांगणारा प्रोग्रामचा तक्ता, तुटला. वीज गेली की इंडेक्स तुटतोच. मग एका माणसाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर निघते. तो परत कसा बांधायचा हे मी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आण्णांचा फोन मांडवात. मी हळदीच्या हातानं फोन धरून सांगतोय, "एफ-दहा दाबा, न्हाई, आधी एस्केप, आता चार, आता वाय," आणि व्याही मंडळी बघतायत की हा बाप असला कसला मंत्र म्हणतोय. परत आलो तर आण्णा गंभीर होते. म्हणाले, "एका माणसावर एवढं अवलंबून ऱ्हाऊ न्हाई." तीस वर्षं मला वाटत होतं की अडचण मशीनची आहे. आण्णांना कळलं, ती माझी आहे. असो, नवा प्रोग्राम आणायला ते तयार झाले, काम झालं.

जुन्यातला डेटा काढायला एक पोरगं आलं. हुशार होतं. त्याला मी सांगितलं, हरिपूरची पेवं ऐकलीत ना? जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची, पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आत हवा नसते. आधी वाट बघायची. ते हसलं आणि थेट उतरलं. बाहेर आली ती पौंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. जिस्टच्या काळातली मराठी वेगळ्या आकड्यांत साठवलेली, आताची युनिकोडमध्ये. ते बदलून घेतलं, तर पाटील निघाले. नावाला जागा थोडी, त्यामुळं 'पाटील बाळासाहे' इतकंच मावलेलं, आणि असे बाळासाहे ढीगभर. कुठला मिरजेचा, कुठला तासगावचा, हे माझ्या डोक्यात. दोन दिवस मी बोलत होतो आणि ते टाइप करत होतं: हा काळ्या गाडीचा, हा बेदाणावाला, हा थोरला, हा वारला पण खातं चालू आहे.

एकदम सगळं बदलू नका, एवढं मात्र मी हट्टानं मान्य करून घेतलं. आधी खाती, मग पट्ट्या, मग कर. शिल्लक १ एप्रिलला ओढायची आणि तीन महिने दोन्हीकडं लिहायचं. जुळलं तर पुढं. नवं आणताना जुनं लगेच फेकून देणाऱ्यांची फजिती मी पेठेत बघितलीय. मार्चएंडला वह्या शोधत फिरत होते.

दोन्हीकडं लिहिताना एक खातं काही केल्या जुळेना. खाते क्रमांक ४७. नव्यात हमाली लागायची, जुन्यात लागायची नाही. सेटिंगमध्ये कुठं काही नाही. पोरानं चार रात्री काढून शोधलं, तर सरांनी थेट कोडातच लिहून ठेवलेलं की सत्तेचाळीस नंबरला हमाली घ्यायची नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. आण्णांनी पान लावलं, बराच वेळ छताकडं बघितलं. मग म्हणाले, "त्येच्या बानं आमच्या बाबांना गोदाम बांधताना पैसं दिलं हुतं. बाबांनी शब्द दिलाय."

"पण काका, हे आमच्या स्टँडर्डमध्ये बसत नाही," पोरगं म्हणालं.

"मग तुमचं स्टँडर्ड बदला. शब्द बदलत न्हाई."

पोरानं शेवटी प्रत्येक खात्यापुढं एक चौकट घातली: 'हमाली माफ'. टिक केली की झालं, कोडाला हात लावायला नको. आण्णांना चौकट फारच आवडली. स्वतः माउस धरला, आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत तीन मेहुणे, एक व्याही आणि नगरसेवक, सगळ्यांच्या नावापुढं टिका पडल्या होत्या, आणि हमालांचा मुकादम दारात येऊन उभा होता.